खुडूक कोंबडी

परसात कोंबड्या पाळावयाचे ठरले की पहिला प्रश्न जातीचा. गावरान कोंबडी वर्षाला साधारण 50 ते 60 अंडी देते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठीच विकसित केलेली ‘ग्रामप्रिया’ त्याच्या दुपटीहून अधिक देते. निवड सोपी वाटते. परंतु खुडूक झालेली कोंबडी अंडी देणे थांबवते. म्हणून अधिक अंड्यांच्या ओढीने हा गुणच पिढ्यान्‌पिढ्या वगळला गेला. 21 दिवस तहानभूक विसरून अंडी उबवण्याचे आईचे काम आता यंत्र करते.

यंत्र ऊब देते, पण पारख आपणच करावी लागते. पिल्ले घेताना उबवणी केंद्रात एक अवश्य विचारावे : पहिल्याच दिवशी मॅरेक्स रोगाची लस टोचली आहे काय? त्या रोगावर औषध नाही. मानमोडीची लस पहिल्या आठवड्यात द्यावी.

संकरित कोंबडीची पुढची पिढी तिच्यासारखी निपजत नाही. पिल्लांसाठी पुन्हा केंद्राचेच दार गाठावे लागते. म्हणून मी चार ग्रामप्रियांसोबत एक गावरान जोडीही सांभाळतो. ती कोंबडी अंडी कमी देते; पण परसातली उद्याची पिल्ले तिच्याच पंखांखाली आहेत.