दसऱ्याआधीचं प्रगतिपुस्तक

एक मेला झेंडावंदन झालं की वर्गात जाऊन बसायचं आणि निकालाची वाट पाहायची, हे महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. माझ्या लहानपणी प्रगतिपुस्तक जाड पुठ्ठ्याचं, घडीचं असे. आत चार रकाने: पहिली घटक चाचणी, सहामाही, दुसरी घटक चाचणी, वार्षिक. कमी गुणांखाली तांबडी रेघ, मग हजर दिवस, शेरा आणि तळाशी पालकाच्या सहीची जागा. वडील सही करण्याआधी मागचे रकानेही पुन्हा पाहत. गणितात 35 चे 42 झालेले दिसले की त्या दोन आकड्यांवरून बोट फिरवत आणि मगच पेन मागत. ते बोट मला अजून आठवतं. पहिल्या रकान्यातल्या 35 नंतर माझ्या हातात आणखी तीन रकाने शिल्लक होते, म्हणून त्या बोटाला अर्थ होता.

पुढे मी शिक्षिका झाले, बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि त्याच वर्षी 20 ऑगस्टच्या शासन निर्णयाने आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. गुणांच्या जागी अ-1 पासून इ-2 पर्यंत श्रेणी आल्या. वर्षाची दोन सत्रं, प्रत्येक सत्रात आकारिक आणि संकलित असे दोन भाग. सहावीला दोन्ही निम्मे-निम्मे. नोंदवहीत विशेष प्रगती, आवड-छंद आणि सुधारणा आवश्यक असे रकाने. मुलाकडे रोज पाहा, तोंडी विचारा, त्याने केलेली कृती पाहा, हे कायद्याच्या जोरावर सांगितलं गेलं याचा मला मनापासून आनंद झाला होता आणि तो आजही टिकून आहे. पण नाव ‘सातत्यपूर्ण’ असलं, तरी आमच्या शाळेतून प्रगतिपुस्तक घरी जायचं वर्षातून दोनदाच. पहिल्या सत्राचं दिवाळीच्या सुट्टीनंतर, दुसऱ्या सत्राचं एक मेला.

दिवाळीनंतर माझा निम्मा वर्ग गावात नसतो. दसरा झाला की ऊसतोडीच्या मुकादमाचे ट्रक-ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. ज्यांनी आगाऊ उचल घेतली आहे ती जोडपी कोयते आणि बिऱ्हाड घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहतात ती मुलं यातून वाचतात. बाकीची पाचटाच्या कोपीत जातात, धाकट्या भावंडाला सांभाळतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. पहिल्या सत्राची त्यांची प्रगतिपुस्तकं माझ्या कपाटात पडून राहत. पालकाच्या सहीची जागा कोरी. आणि एक मेला जे हातात पडे, त्यावर काही करायला वर्षच उरलेलं नसे.

एका वर्षी सहावीतल्या एका मुलीची आई गाव सोडण्याच्या आदल्या दिवशी भेटायला आली. मी पोरीची श्रेणी सांगायला लागले, तर मला थांबवत म्हणाली, “बाई, मार्काचं ऱ्हाऊ द्या. हिला काय येत न्हाई ते लिहून द्या. हिचा चुलतभाऊ हाय संगं, दहावी झालेला. त्याला दावीन.”

मी वहीचा अर्धा कागद फाडला. अपूर्णांकांची बेरीज जमते, वजाबाकीत छेद सारखे करायला विसरते. मराठी वाचन छान, लिहिताना जोडाक्षरं चुकतात. नकाशात दिशा ओळखते, प्रमाण कळत नाही. एवढंच लिहिलं. लिहिताना जाणवलं, की माझ्या नोंदवहीतल्या ‘सुधारणा आवश्यक’च्या रकान्यात इतकं नेमकं मी त्या मुलीबद्दल कधी लिहिलंच नव्हतं. तिथे लिहिलं होतं, ‘गणिती क्रियांचा सराव आवश्यक’. हेच वाक्य आणखी बाराजणांच्या नावापुढेही होतं.

ते का होतं, तेही सांगायला हवं. वर्गात चाळीस मुलं, नऊ विषय; एका वेळच्या नोंदी झाल्या 360. वीस मुलं होईपर्यंत मन जागं असतं. नंतर हात आधीचंच वाक्य पुन्हा लिहू लागतो. बाजारात तयार नोंदींची पुस्तकंही मिळतात आणि दमलेला शिक्षक ती उघडतो. म्हणून दर महिन्याला प्रगतिपुस्तक द्या असं कोणी म्हटलं, की माझ्या पोटात गोळा येतो. दहा महिन्यांच्या 3600 नोंदींत मूल कुठे दिसणार? उलट वर्षातून एकदाच पुरे, मुलांवर ताण नको, असं म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. त्या एकाच निकालावर पुढे काही करता येत नाही, मग ताण कमी होईल कसा? 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेत उत्तीर्ण होणं पुन्हा आवश्यक झालं आहे. नापास झालेल्यांची पुनर्परीक्षा होते, हे चांगलंच आहे. पण आपल्याला काय येत नाही हे त्या मुलाला पहिल्यांदा एप्रिलमध्ये कळत असेल, तर जूनपासून आम्ही त्याच्याशी काय बोलत होतो?

किती वेळा, हा प्रश्न मला आता मुख्य वाटतच नाही. कागद हातात पडल्यावर मुलाजवळ किती दिवस उरतात, ते मी मोजते. ते दिवस प्रत्येक गावात निराळे असतात. कोकणात भाताच्या आवणीच्या दिवसांत पालकसभेला कोण येणार? आणि आमच्याकडे दसऱ्यानंतर कुणाला बोलवायचं?

ती मुलगी पाडव्यानंतर परत आली. कागद घड्यांवर विरला होता. चुलतभावाने मागच्या कोऱ्या बाजूला वजाबाकीची उदाहरणं घालून दिली होती. काही सोडवलेली, काही अर्धवट. प्रमाणाचं तसंच राहिलं होतं. ते मग आम्ही एप्रिलमध्ये शाळेच्या व्हरांड्यात खडूने केलं. फरशी म्हणजे गाव, एक वीत म्हणजे शंभर पावलं.

तेव्हापासून शासनाची दोन प्रगतिपुस्तकं मी देतेच, पण जाणाऱ्या मुलांना घटस्थापनेआधी एक अर्धा कागद देते. श्रेणी नाही, शेरा नाही, तीन-चार ओळी. त्यातली एक ओळ आता मूल स्वतः लिहितं. नव्या शैक्षणिक धोरणातल्या समग्र प्रगतिपत्रकात मुलाने स्वतःचं मूल्यमापन करावं असं म्हटलं आहे, हे मी नंतर वाचलं. कधी कधी घटस्थापना सप्टेंबरातच येते. म्हणून पोळा झाल्या दिवसापासून मी रोज दोन मुलांना मधल्या सुट्टीत जवळ बसवून घेते आणि विचारते, “तुला काय अडतं, सांग.”