परतीची नळी

मराठीचा अध्यापक म्हणून एकतीस वर्षे मी वर्गात यंत्रयुग शिकवले. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) हाती घेतल्या की यंत्र, यांत्रिकता, यंत्राने ग्रासलेला माणूस हे शब्द फळ्यावर येत आणि विद्यार्थी ते निमूटपणे उतरवून घेत. या एकतीस वर्षांत मी स्वतः एकदाही हातात पाना धरला नव्हता. त्यात काही विसंगती आहे असे मला कधी वाटले नाही. ते वाटायला २०१९चा उन्हाळा यावा लागला, आणि तोही डेट्रॉईटजवळच्या एका उपनगरात, मुलाच्या घरच्या गॅरेजमध्ये.

मुलाकडे २०१५ची मस्टँग होती: पाच लिटरचे, आठ सिलिंडरचे, ४३५ अश्वशक्तीचे इंजिन. ती तो रोज कामावर नेत नसे. सुट्टीच्या दिवशी शर्यतीच्या बंदिस्त ट्रॅकवर चालवी. त्या इंजिनाला दोन टर्बो बसवायचा संच त्याने मागवला होता आणि तो घरीच बसवायचा त्याचा बेत होता. मी आणि त्याची आई तीन महिन्यांसाठी तिथे गेलो होतो. “बाबा, तुम्ही फक्त पुस्तिका वाचून दाखवा. माझे हात खराब असतात,” तो म्हणाला. इंग्रजी पुस्तिका साठ-सत्तर पानांची होती. वाचणे हा तर माझा व्यवसायच. मी होकार दिला.

या होकारामागे एक जुनी गोष्ट होती, ती आम्ही दोघेही उच्चारत नव्हतो. आम्ही कोल्हापूरचे. मुलगा नववीत असताना शाळा सुटली की शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये जाऊन बसत असे. एका संध्याकाळी तो काळ्या हातांनी घरी आला आणि टेबलावरचे माझे पुस्तक बाजूला सरकवू लागला. मी म्हणालो, “ज्या हातांनी हे करतोस त्या हातांनी पुस्तकाला शिवू नकोस.” दुसऱ्या दिवशी मी त्या वर्कशॉपमध्ये जाऊन मिस्त्रींनाही चार शब्द सुनावले. मुलगा मागे उभा राहून ते ऐकत होता. त्यानंतर त्याने तिथे जाणे सोडले. तो इंजिनिअर झाला, परदेशी गेला, पण घरात माझ्याशी यंत्राविषयी एक शब्दही बोलला नाही. मी ते माझ्या शिस्तीचे यश समजत आलो.

टर्बोची कल्पना जुनी आहे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने तिचे पेटंट १९०५ साली घेतले. इंधन जळून निर्माण होणाऱ्या ऊर्जेचा सुमारे तिसरा हिस्सा गरम धुराबरोबर बाहेर निघून जातो, तो कामाला लावायचा, हा त्यामागचा विचार. धुराच्या झोताने एक चाक फिरवायचे. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला असलेले चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक, म्हणून शक्ती अधिक. मोटारींत हे तंत्र १९६२ साली आले, ते याच मिशिगन राज्यातल्या ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर या गाड्यांतून. दोन टर्बो असलेली बाजारातली पहिली गाडी म्हणजे १९८१ची मासेराटी बायटर्बो. मुलाच्या इंजिनात चार-चार सिलिंडरच्या दोन रांगा होत्या. प्रत्येक रांगेच्या धुरासाठी एक टर्बो.

हे ऐकले आणि माझ्यातला अध्यापक जागा झाला. टाकून दिलेला श्वास परत आत घेऊन बलवान होणारे यंत्र! परंपरेचे याहून चांगले रूपक कोणते? मी ते मोठ्या उत्साहाने बोलून दाखवले. गाडीखालून उत्तर आले, “धूर परत आत जात नाही, बाबा. धूर बाहेरच जातो. त्याचा फक्त जोर घेतात.” मी गप्प बसलो. माझे रूपक तथ्यावरच चुकले होते, आणि ते मला तपासावेसेही वाटले नव्हते.

काम तीन शनिवार-रविवार चालले. पहिल्या दोन दिवसांत नुसती उकलाउकल झाली. गाडी जॅकने उचलून चार स्टँडवर ठेवली. धुराच्या मूळ नळ्या काढल्या. पुढचा बंपर उतरवून तिथे इंटरकूलर बसवला, कारण हवा दाबली की तापते आणि तापलेली हवा विरळ होते. इंधनाचे इंजेक्टर मोठे घातले. टर्बोचे धुराकडचे घर बीडाचे होते. मी ते हातात घेतले तेव्हा मुलगा म्हणाला, “बीड आहे, जपून.” इंग्रजी शब्द त्याला नक्कीच ठाऊक होता. इंजिनाच्या तळाशी तेल साठते त्या भांड्यालाही तो ‘चेंबर’च म्हणत होता, उद्यमनगरात म्हणतात तसे. दीड वर्ष त्याने त्या वर्कशॉपमध्ये काय केले, हे मी कधी विचारले नव्हते. त्याचा शब्दकोश मात्र तिथलाच होता.

माझी वाचनाची पद्धत लवकरच ठरून गेली. एक परिच्छेद मी मनात वाचायचो आणि त्याचा सारांश मराठीत सांगायचो. वर्गात इतकी वर्षे हेच केले होते. पुस्तिकेची भाषा मला रुक्ष आणि पुनरुक्तीने भरलेली वाटे. एकच सूचना तीनदा, वेगवेगळ्या शब्दांत. मी ती एकदाच सांगत असे.

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. तो तेलाच्या एका पातळ थरावर तरंगत असतो. हे तेल बारीक नळीतून इंजिनाच्या दाबाने त्याच्याकडे येते. परत जाताना मात्र त्याच्यामागे कसलाही दाब नसतो; फेसाळलेले तेल केवळ आपल्या वजनाने चेंबरात उतरते. म्हणून परतीची नळी येणाऱ्या नळीपेक्षा पुष्कळ जाड असते. पुस्तिकेत लिहिले होते की ही नळी उताराची असावी, उतार अखंड असावा, तिच्यात कुठेही झोळ पडू नये. मुलगा डाव्या बाजूच्या नळीशी पाठीवर निजून झगडत होता, डोळ्यांत घाम उतरत होता. त्याने विचारले, “पुढे काय?” मी म्हणालो, “नळीला उतार हवा.” बाकीची दोन वाक्ये मला त्याच अर्थाची वाटली.

तिसऱ्या रविवारी इंजिन सुरू करायची वेळ आली. आधी इंधन तोडून नुसते स्टार्टरवर इंजिन फिरवले, म्हणजे तेल टर्बोपर्यंत पोहोचावे. मग खरोखर सुरू केले. आवाज खोल होता, त्यात एक बारीक शीळ मिसळली होती. त्याची आई दारात टाळ्या वाजवत उभी होती. दोन-तीन मिनिटांनी डाव्या सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागला. मुलाने तत्काळ इंजिन बंद केले.

निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. तो गाडीखाली गेला, बराच वेळ विजेरी फिरवत राहिला. डावी नळी टर्बोपासून खाली उतरत होती, एका आडव्या लोखंडाला वळसा घालताना झोळ खात होती आणि मग किंचित वर चढून चेंबराला मिळत होती. एकूण पाहता उतार होता. पण त्या झोळात तेल अडले, मागे तुंबले आणि सीलमधून धुराच्या वाटेत शिरले. तो बाहेर आला, हात पुसले, पुस्तिका घेतली आणि ती तिन्ही वाक्ये मोठ्याने वाचली. मग माझ्याकडे पाहिले.

“ही दोन मी गाळली,” मी म्हणालो. “मला ती पुनरुक्ती वाटली.”

तो रागावला नाही. रागावला असता तर बरे झाले असते. तो इतकेच म्हणाला, “भावार्थ नको, बाबा. वाक्य वाचा.”

पुनरुक्ती कधीही निरर्थक नसते, लेखक पुन्हा सांगतो तेव्हा थांबून पाहा, हे मी विद्यार्थ्यांना किती वेळा सांगितले असेल! मात्र ते मी ज्यांना लेखक मानत होतो त्यांच्यापुरतेच होते. पुस्तिका लिहिणारा माझ्या लेखी लेखक नव्हता. त्याने ते वाक्य तीनदा का लिहिले? कुणाच्या तरी गॅरेजात असाच निळा धूर निघाला असेल, म्हणून. प्रत्येक जादा वाक्यामागे एक बिघडलेले यंत्र असावे. मी साहित्यकृतीच्या अनेकार्थतेवर व्याख्याने दिली. पण ज्या वाक्याला एकच अर्थ आहे आणि तो चुकला तर कुणाची तरी मेहनत वाया जाते, असे वाक्य वाचायला लागणारी नम्रता मी कमावली नव्हती. मुलालाही मी तसेच वाचले होते: काळे हात पाहिले आणि भावार्थ काढून मोकळा झालो.

संध्याकाळी आम्ही पुन्हा खाली बसलो. या वेळी मी पूर्वीचा अंगरखा उतरवला, त्याचा जुना शर्ट घातला आणि नळी दुसऱ्या बाजूने वळवताना तिचे एक टोक धरून राहिलो. मी प्रत्येक वाक्य जसेच्या तसे वाचत होतो. तो “हं” म्हणे, मग मी पुढचे वाचे. काम संपत आले तेव्हा, नळीवरची पकड न सोडता, मी म्हणालो, “त्या मिस्त्रींना मी तेव्हा तसे बोलायला नको होते. तुलाही.” थोडा वेळ फक्त पान्याचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, “त्यांनी मला टॅप मारायला शिकवलं होतं. आटे पाडताना अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे नाही आलं तर टॅप तुटतो.” एवढेच. त्यावर मी कोणतेही रूपक केले नाही.

इंजिन पुन्हा सुरू केले. पहिली काही मिनिटे सायलेन्सरमधले राहिलेले तेल जळत होते, म्हणून धूर आला. मग तो विरत गेला आणि थांबला. आम्ही वीस मिनिटे नुसते उभे राहून पाहत होतो.

परत येताना ती पुस्तिका मी मागून घेतली. नळीच्या पानावर अंगठ्याचा एक काळा ठसा आहे. तो माझा की त्याचा, हे सांगता येत नाही. ती आता माझ्या टेबलावर, पुस्तकांतच असते.