तीन हातांची माशी

जांबोटीत मासे धरायला कुणी कुणाला शिकवत नाही. मृगाचा पाऊस लागला की शेताच्या चरांतून चढणीचे मासे वर येतात आणि पोरं टोपली, फडकं, हाताला लागेल ते घेऊन धावतात. पाणी उतरलं की गळ. काठी, दोरा आणि टोकाला गांडूळ. बाकीचं काम माशाचं. मीही असाच वाढलो. त्यामुळे साठीच्या उंबरठ्यावर मला कुणी मासेमारीचा श्रीगणेशा गिरवायला लावील, आणि तोही माझा थोरला भाऊ, असं कुणी म्हटलं असतं तर मी हसण्यावारी नेलं असतं. कारण आमचं बोलणंच नव्हतं. परड्यामागच्या दीड एकराच्या वाटणीवरून सात वर्षं आम्ही एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहत होतो. त्यांच्याकडे भाकरी थापल्याचा आवाज माझ्या घरात ऐकू यायचा. पण शब्द नाही.

अण्णा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. नोकरीच्या काळात काही वर्षं त्यांनी हिमाचलात काढली. तिथल्या एका म्हाताऱ्याने त्यांना ट्राउट धरायला शिकवलं होतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते म्हणजे नेमकं काय, हे कुणी विचारलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, तोंड थोडं वाकडं झालं. तेव्हा वहिनीच दारात आल्या. म्हणाल्या, "भावजी, जरा येऊन जावा. ते डबी घेऊन बसल्यात आणि रडायलेत."

डबी ॲल्युमिनियमची होती. आत खाचाखाचांतून रांगेने पिसांच्या माश्या. काही तांबड्याभडक, सोनेरी तारेच्या. काही मातकट, डासाएवढ्या. प्रत्येकीच्या पोटात गळाचा काटा. मासा धरायला माशी! मी एक उचलली तशी अण्णा अडखळत म्हणाले, "ती नको. ती दिसायला चांगली हाय." आणि सात वर्षांनंतरचं आमचं पहिलं संभाषण हे असं माशीवरून सुरू झालं.

त्यांची इच्छा एकच होती, तीर्थनच्या पाण्यावर पुन्हा एकदा जायचं. हात चालत नव्हता. म्हणून मी शिकायचं, आणि त्यांनी काठावर बसून बघायचं.

ट्राउट आपल्याकडचा मासा नव्हे. त्याला थंड, वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. आपल्या मलप्रभेत तो जगायचा नाही. भारतातही तो पाहुणाच. १९०० च्या सुमारास स्कॉटलंडहून त्याची अंडी काश्मिरात आणली गेली. त्याआधी आलेली खेप वाटेतच मेली होती. पुढे कुलूच्या खोऱ्यात आणि दक्षिणेत निलगिरीवरही तो रुजला. पण शिकायला ट्राउट कशाला हवा? अण्णांनी मला आधी पाण्यावर नेलंच नाही. खळ्यावर नेलं.

नऊ फुटी लवचीक काठी, जाड दोरी, दोरीच्या टोकाला बारीक तंगूस आणि तंगुसाला काट्याऐवजी तांबड्या लोकरीचा तुकडा. गळ फेकताना शिशाचं वजन पुढे जातं आणि दोरा त्याच्यामागून जातो. इथे सगळं उलटं. माशीला वजनच नसतं; फेकायची ती दोरी, माशी तिच्यामागून जाते. काठी घड्याळाच्या दहाच्या काट्यावरून एकच्या काट्यापर्यंत मागे न्यायची आणि थांबायचं. मागे गेलेली दोरी सरळ होईपर्यंत थांबायचं. मग पुढे. मी थांबत नव्हतो. दोरी चाबकासारखी कडाडायची आणि लोकर माझ्याच कानावर बसायची.

"घाई कशाला करायलास?" अण्णा म्हणायचे. "मागची दोरी उलगडू दे की. मागचं उलगडल्याबिगार पुढं काय जात न्हाई."

ते दोरीबद्दलच बोलत होते. मी मात्र बांधाकडे बघितलं.

पंधरा दिवसांनी आम्ही नदीवर गेलो. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि आमच्या भागातून खानापूरकडे जाते. दिवाळीनंतर तिचं पाणी काचेसारखं होतं. हब्बनहट्टीच्या मारुतीचं देऊळ पावसाळ्यात ज्या नदीत बुडतं, तीच तेव्हा घोट्याएवढी असते. देवळापासून लांब, एका वळणावर मी डबी उघडली आणि अण्णांची नजर चुकवून सर्वांत मोठी तांबडी माशी बांधली. पहिल्याच फेकीत तिने मागचं जांभूळ धरलं. अण्णा अर्ध्या तोंडाने हसले. झटका आल्यापासून पहिल्यांदा.

मग म्हणाले, "डबी मिट. धोंडा उचल."

मी पाण्यातला एक धोंडा उलथा केला. खालच्या बाजूला चपटे, तीन शेपट्यांचे किडे सळसळत होते. वाळूचे कण चिकटवून केलेल्या नळीत एक अळी बसली होती. एवढ्या वर्षांत हजार धोंडे तुडवले, पण खाली हे राज्य आहे हे मला माहीत नव्हतं. ते शेपटीवाले किडे पाण्याखाली महिनोन्‌महिने राहतात, मग एके दिवशी वर येतात, पंख फुटतात, आणि एक-दोन दिवसांत जोडी जमवून मरतात. मासा त्यांना तिन्ही ठिकाणी खातो: तळाशी, वर येताना आणि पृष्ठभागावर. म्हणून माश्याही तीन तऱ्हांच्या. तळाजवळ वाहणारी, पाण्याच्या पोटात बुडणारी आणि वर तरंगणारी. निवडताना आधी आकारमान बघायचं, मग ठेवण, आणि रंग सर्वांत शेवटी. आणि काट्याचा नंबर जितका मोठा तितकी माशी लहान. बारापेक्षा सोळाची बारीक. आपण मात्र माणसासारखे आधी रंगाला भुलतो.

डबीतल्या बारीक माश्यांना कसर लागली होती. नव्या बांधायच्या ठरल्या. गावठी कोंबड्याच्या मानेची तांबूस पिसं वहिनींनी दिली, शिंप्याकडून तपकिरी रेशीम आणलं. अण्णांच्या डाव्या हाताने काटा पक्कडीत धरायचा, माझ्या डाव्याने पीस, माझ्या उजव्याने दोरा गुंडाळायचा. तीन हातांनी एक माशी. पहिली झुरळासारखी झाली. विसावी बरी झाली. आमच्या ओढ्यातल्या बोटभर चंदेरी माशांनी तिला टिपून पाहिलं, तेव्हा अण्णा म्हणाले, "आता जाऊ."

मार्चअखेर गोवा एक्सप्रेसने दिल्ली, तिथून बसने औट, पुढे बंजारकडे. तीर्थन हिरवट, बर्फासारखं थंड, धोंड्यांवरून फेसाळत येणारं. मत्स्य खात्याचा परवाना काढला. अण्णा घोंगडी घेऊन एका खडकावर बसले आणि मी दोन दिवस नुसता पाण्याला वारा घातला. ट्राउट दिसायचे, माशीपाशी यायचे आणि तोंड फिरवून जायचे.

तिसऱ्या दिवशी त्यांनी काठी टेकवत मला जवळ बोलावलं. माझी दोरी मधल्या जोरदार धारेत पडत होती आणि माशीला ओढत होती. खरा किडा पाण्याच्या मनाने वाहतो. कुणी ओढलेला किडा मासा ओळखतो. "दोरी पडली की तिचा पोटवळा वरच्या अंगाला उचलून टाक. माशीला मोकळं सोड."

मी धोंडा उलटला. किडे बारीक, तपकिरी. डबीतून आमच्या कोंबड्याची, सोळा नंबरची माशी काढली. खडकामागच्या संथ पाण्यात टाकली, दोरी उचलून वर ठेवली. माशी चार हात मोकळी वाहत गेली. पाण्याला नुसती सुरकुती पडली. मी काठी उचलली आणि ती जिवंत झाली.

वीतभर ट्राउट. अंगावर तांबडे ठिपके, भोवती फिकट कडी. सोडायच्याच मापाचा होता. अण्णांनी डावा हात पाण्यात भिजवून घेतला, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर जातो. प्रवाहाकडे तोंड करून त्याला धरलं. कल्ले दोनदा उघडले, मिटले. गेला. अण्णा बराच वेळ हात पाण्यातच ठेवून बसले. मीही काही बोललो नाही.

परत आल्यावर मी डबी द्यायला गेलो. त्यांनी ती घेतली नाही. म्हणाले, "भिंतीतल्या कोनाड्यात ठेव. हिची वाटणी न्हाई."

दीड एकराचं अजून व्हायचंय. कागद तालुक्याला आहेत. पण मधल्या भिंतीला आता एक आरपार कोनाडा आहे. गवंड्याने तो अर्ध्या दिवसात पाडून दिला.