चाक, तीळ आणि अंगठा

शनिवारी मारुंजीच्या घरी भाचीला फिरत्या खुर्चीत बसवलं आणि गरगर फिरणारं सायकलचं चाक तिच्या हातात दिलं. आस आडवी होती. म्हटलं, आता उभी कर. तिने केली, तशी खुर्ची आपोआप वळली. "मामा, मला ढकललं कोणी?"

माझं पोट याच प्रश्नावर चालतं. अंतराळात यानाला रेटा द्यायला ना जमीन, ना हवा. तोंड इकडे वळवायचं तर पोटातलं चाक तिकडे फिरवायचं. मंगळयानात अशी चार चाकं होती, शिवाय 22 न्यूटनचे आठ थ्रस्टर, म्हणजे छोटी इंजिनं. चाकं असताना थ्रस्टर कशाला, असं नवी पोरं हमखास विचारतात. तर चाक बाहेरचा धक्का जिरवत नाही, नुसता साठवतं. आणि ऊनसुद्धा ढकलतं! पृथ्वीइतक्या अंतरावर चौरस मीटरभर काळ्या पत्र्यावर पडणारा उन्हाचा रेटा एका तिळाच्या वजनाहूनही कमी. पण तो महिनोन्‌महिने एकाच बाजूने येत राहिला की चाकाचा वेग वाढत वाढत मर्यादेला टेकतो. मग थ्रस्टर उडवून चाक रिकामं करायचं. त्याला इंधन लागतं, आणि वर पेट्रोलपंप नाही.

पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा किलोभर वजनाचा 'स्वयम्' उपग्रह 22 जून 2016 रोजी वर गेला, त्यात ही चाकं नव्हतीच. होकायंत्राच्या सुईसारखा तो पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राला धरून राहायचा. इतकी साधी, देखणी युक्ती मला आजवर सुचलेली नाही. पण ती पृथ्वीच्या अंगणातच चालते. पुण्याच्या आयुकाची 'सूट' दुर्बीण घेऊन 15 लाख किलोमीटरवर गेलेल्या आदित्य-एल1 यानाला तो आधार नाही.

जुन्या नोकरीत एका सिम्युलेशनमध्ये मी एका अक्षाचं चिन्ह उलटं लिहिलं होतं. यान थांबण्याऐवजी पडद्यावर भोवऱ्यासारखं सुटलं. मी तीन दिवस नको तिथे शोधत बसलो. चूक एका उणे चिन्हाची. तेव्हापासून उजव्या हाताची तीन बोटं ताणून अक्ष तपासल्याशिवाय पुढे जात नाही. ऑफिसात हसतात. हसू देत.

कारण असली चूक खऱ्या यानालाही भोवते. जुलै 2023मध्ये एका चुकीच्या आज्ञेने व्हॉयेजर-2 यानाचा अँटेना पृथ्वीपासून 2 अंश ढळला आणि दोन आठवडे संपर्क तुटला. 4 ऑगस्टला तो परत जुळला. 2 अंश म्हणजे किती? हात लांब करून अंगठा उभा धरा. त्याची रुंदी साधारण तेवढीच.