आईच्या गोळ्या

गेल्या दिवाळीची गोष्ट. साफसफाईत आईचे फडताळ माझ्या वाट्याला आले. ती आषाढात गेली. तिच्या गुडघेदुखीच्या गोळ्या, खोकल्याचे औषध, सारे तसेच होते. जड मनाने मी ते मोरीत टाकू लागलो.

इतक्यात माझा एक जुना विद्यार्थी आला. आता तो रसायनशास्त्रात संशोधन करतो.

"सर, हे काय करता?"

"अरे, पाण्यात गेले की संपले!"

"संपत नाही, सर."

मग शिकवणी उलटी झाली. तो मास्तर आणि मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला विद्यार्थी! मैलापाणी शुद्ध होते ते घाण खाणाऱ्या जंतूंच्या भरवशावर. डायक्लोफिनॅकसारखे औषध त्यांना पुरते पचत नाही. त्याच औषधाने गिधाडे मेली, म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली.

"मग उपाय?"

"ऊन!" तो म्हणाला.

टिटॅनियम डायऑक्साइड नावाची पांढरी पूड भिंतीच्या रंगात असते, पुष्कळ गोळ्यांच्या वेष्टनातही असते. होंडा आणि फुजिशिमा या जपानी शास्त्रज्ञांनी १९७२ साली तिच्या साहाय्याने प्रकाशात पाण्याचे विघटन दाखविले. अतिनील किरण पडले की ती पाण्यातून असे तिखट कण उत्पन्न करते, की औषधाचे रेणू तुटू लागतात. ती स्वतः मात्र खर्च होत नाही. लग्न लावून मोकळ्या होणाऱ्या भटजींसारखी! अडचण एवढीच, की उन्हात असे किरण शेकडा पाचाच्या आसपास, आणि बारीक पूड पाण्यातून परत काढणे जिकिरीचे.

"तोवर मोरीत न टाकणे, हाच स्वस्त उपाय," तो म्हणाला.

तो गेला आणि मला ताईची आठवण झाली. ती सोलापूरला असते. आमच्या मुठेचे पाणी पुढे भीमेला मिळते, उजनीच्या धरणात साठते, आणि सोलापूर उजनीचे पाणी पिते. म्हणजे आईच्या गोळ्या मी कोणाकडे धाडीत होतो?

उरलेली औषधे कागदात बांधली, वर 'औषधे' असे लिहिले आणि कचरा नेणाऱ्या बाईंच्या हाती निराळी दिली.

भाऊबीजेला ताई आली. ओवाळून झाल्यावर म्हणाली, "आईची औषधे काय केलीस रे?"

मी खरे ते सांगितले. ताई जरा वेळ गप्प राहिली. मग समोरचा पाण्याचा तांब्या उचलून म्हणाली, "बरे केलेस, थांबलास ते."