दहापैकी सात

लेक रोमच्या सापिएन्झा विद्यापीठात शिकायला गेली, तेव्हाच आम्ही दोघांनी ठरवलं होतं की तिच्या पदवीच्या दिवशी तिथं हजर राहायचं. दोघंही शिक्षक, त्यामुळे पैसा पतपेढीतूनच उचलावा लागला. व्हिसाच्या अर्जाला राहण्याच्या जागेचा कागद लागतो, म्हणून मुक्कामाचा प्रश्न सगळ्यांत आधी उभा राहिला. लेक राहते ती खोली तीन मुलींची. तिथं आई-बापाला जागा कुठून असणार?

रोममध्ये नन्सचे मठ खूप. त्यातले बरेच मठ प्रवाशांना साध्या खोल्या भाड्यानं देतात. 'कासा पेर फेरिए' म्हणतात तिकडे. धर्म कुणी विचारत नाही. तेर्मिनी स्टेशनजवळची अशी एक जागा लेकीनं सुचवली. दोघांचे रात्रीचे बासष्ट युरो. साध्या हॉटेलचे एकशेचाळीस. सहा रात्रींचा फरक चाळीस हजारांच्या वर जात होता, म्हणजे धाकट्याच्या कॉलेजची वर्षाची फी.

पण पाहुण्यांनी या जागेला दहापैकी सातच गुण दिले होते, आणि अभिप्राय वाचावेत तर जीव घाबरावा. मामूजान म्हणाले, "अरे, परदेशात जाताय, चार पैसे जास्त गेले तर गेले. बाई माणूस बरोबर आहे."

आम्ही रात्री बसून सगळे अभिप्राय वाचले, पेपर तपासावेत तसे. कोण लिहितंय आणि कशाबद्दल रडतंय, ते पाहत गेलो. एकानं लिहिलं होतं, टीव्ही नाही. बरं झालं. दुसरा म्हणे, नाश्त्याला फक्त पाव, जॅम आणि कॉफी. अहो, हॉटेलच्या भरल्या टेबलावर कशात डुकराचं मांस आहे, हे शोधत फिरण्यापेक्षा पाव-जॅम केव्हाही चांगला! एका नवविवाहित जोडप्याची तक्रार अरुंद, वेगवेगळ्या पलंगांची होती. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. पहाटे सहाला घंटा वाजते, असंही कुणी चिडून लिहिलं होतं; तोवर फजरला आम्ही उठलेलेच असतो. "न्हाणीघरात ते विचित्र बसकं भांडं" म्हणून कुणी हसलं होतं. तो बिडे. इटलीत १९७५ सालापासून प्रत्येक घरात तो असलाच पाहिजे असा नियम आहे. युरोपात तहारतीचं कसं होणार, ही आमची चिंता तिथंच मिटली.

दोन तक्रारी मात्र वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या महिन्यांत केल्या होत्या: सकाळी उशीर झाला तर गरम पाणी संपतं, आणि रात्री अकराला दार बंद होतं. लेक जाऊन खोली पाहून आली. "स्वच्छ आहे, अम्मी. गादी कडक आहे." घेतली.

नेमकं आमचं विमान उशिरा उतरलं. फ्युमिचिनोहून तेर्मिनीला गाडी अर्ध्या तासात येते, पण सामान मिळेपर्यंतच दहा वाजून गेले. मठाच्या दाराशी पोहोचलो तेव्हा अकरा वीस. घंटा वाजवली. कुणी येईना. पुन्हा वाजवली. लेकीचे डोळे भरले. "मीच सुचवली होती ही जागा," एवढंच म्हणत राहिली. पंधरा-वीस मिनिटांनी एका म्हाताऱ्या सिस्टरनं दार उघडलं, घड्याळावर बोट ठेवलं आणि इटालियनमध्ये बराच वेळ बोलली. काय म्हणाली ते लेकीनं अजूनही सांगितलेलं नाही.

खोलीत पलंगाच्या वर भिंतीवर क्रूस होता. हे मात्र कुठल्याच अभिप्रायात नव्हतं. मठात येऊन दुसरं काय असणार, पण क्षणभर आम्ही एकमेकांकडे पाहिलं. किब्ला फोनवर पाहिला तर आग्नेयेला, खिडकीच्या बाजूला निघाला. क्रूस पाठीमागे राहत होता. मुसल्ला अंथरला. दुसऱ्या दिवशी तीच सिस्टर टॉवेल घेऊन आली तेव्हा आम्ही असरच्या नमाजेत होतो. ती टॉवेल दाराबाहेर ठेवून गेली. संध्याकाळी तिनं क्रूसाकडे हात करून, काढू का, असं खुणेनं विचारलं. आम्ही नको म्हटलं. घर तिचं होतं.

जेवणाची सोय जवळच झाली. पियात्सा वित्तोरिओच्या आसपास बांगलादेशी दुकानं आहेत, हलाल मटण, डाळ, मिरच्या सगळं मिळतं. मटण घ्यायचं, लेकीच्या खोलीवर शिजवायचं, मुलींसह दस्तरखान घालायचा. बाहेर काही खाताना तिनं शिकवलेले दोन शब्द विचारायचे: 'मायाले', म्हणजे डुक्कर, आणि 'स्त्रुत्तो', म्हणजे त्याची चरबी, ती कधी कधी बेकरीच्या मालातही असते.

पदवीच्या दिवशी लेकीच्या ओढणीवर मैत्रिणींनी लॉरेलच्या पानांचा मुकुट ठेवला. तो तसाच घालून ती मठात आली, तर सिस्टर टाळ्या वाजवत "दोत्तोरेस्सा!" म्हणून ओरडली. त्या रात्रीनंतर लेक तिच्याशी पहिल्यांदा हसून बोलली.

परतल्यावर लेकीचा निरोप आला, "आता तुम्हीही गुण द्या." आम्ही आठ दिले. एक गरम पाण्याचा कापला, एक गादीचा. दाराचा नाही कापला. ते आधीच लिहिलेलं होतं.