पंपाच्या आधीची मजुरी

सेल्फ मारतो, पण गाडी घेत नाही. टोचन करून आणलेल्या अशा गाडीच्या मालकाने बऱ्याचदा निदानही सोबतच आणलेलं असतं: ‘पंप गेलाय.’ कधी नाक्यावरच्या फिटरने सांगितलेलं, कधी मेव्हण्याने. मेव्हण्याची गाडी अशीच बंद पडली होती आणि पंप टाकल्यावर चालली, एवढा पुरावा पुरतो.

मारुती ८०० कार्बोरेटरवर चालायची तेव्हा पंप इंजिनावरच बसलेला असे. कॅमशाफ्ट त्याची दांडी हलवी, दांडी डायफ्राम ओढी. पंप बिघडला तर मालकाला बोट दाखवून सांगता यायचं. २००० च्या आसपास इंजेक्शनच्या गाड्या रुळल्या आणि पंप विजेवर चालू लागला, टाकीत पेट्रोलमध्ये बुडून बसला. जे दिसत नाही त्याच्या नावावर बिल फाडणं सोपं असतं. आमच्या धंद्याची बदनामी निम्मी तिथूनच सुरू झाली, आणि ती सगळीच खोटी नाही.

टाकीत असला तरी पंप बोलतो. चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक घरघर ऐकू येते आणि थांबते. लाइनीत दाब भरून घेण्यासाठी तो एवढा वेळ फिरतो. आवाजच आला नाही तर आधी फ्यूज, मग रिले. शेजारी तसाच दुसरा रिले असेल तर अदलाबदल करून बघायला पैसे पडत नाहीत. तेवढ्यावर पंप फिरला, तर टाकीला हात लावायची गरजच नाही.

एका जुन्या वॅगन आरला दोन वर्षांत दुसरा पंप टाकायची वेळ आली होती, निदान मालकांना तसं सांगितलं गेलं होतं. सीट उचलली, झाकण काढलं. प्लगमधली एक पिन काळी पडली होती, भोवतीचं प्लास्टिक वितळून बसलं होतं. बॅटरीवर साडेबारा व्होल्ट. पंप फिरत असताना प्लगपाशी मोजले तर नऊ. कमी व्होल्टवर मोटर रडत फिरणारच, दाब कुठून येणार? प्लग तोडून ठेवून मोजलं असतं तर तिथेही बारा दिसले असते. लोड असल्याशिवाय ही चोरी सापडत नाही. प्लग बदलला, अर्थिंग घासून आवळलं, गेज लावला. काटा तीन बारच्या जवळ जाऊन ठरला. मॉडेलप्रमाणे हा आकडा कमीजास्त असतो, पण काटा ठरला पाहिजे, आणि चावी बंद केल्यावर भसकन खाली येता कामा नये.

“मग पंप नाही ना बदलला? पैसे कसले?” काकांनी विचारलं.

“तपासायचे, काका.”

काका खूश नव्हते. सुट्या भागाचे हजारो रुपये मुकाट्याने देणारा माणूस तपासणीच्या चारशेसाठी घासाघीस करतो. मग काही गॅरेजवाले तपासणं सोडून देतात आणि तेवढी कमाई भागातून काढतात. मला हे पटत नाही, पण समजतं. म्हणून सांगतो: तपासणीचे पैसे आधी ठरवा, गेजचा काटा स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आणि मगच भागाचं बोला.

पंप खरोखर गेला असेल तरी आणखी एक प्रश्न उरतो. टाकीतून निघते ती अख्खी असेंब्ली: मोटर, खालची जाळी, दाब ठरवणारा रेग्युलेटर, काट्यासाठीचा फ्लोट, आणि बऱ्याच गाड्यांत फिल्टरही त्यातच. कंपनीचं सर्व्हिस सेंटर सहसा अख्खी असेंब्लीच देतं. पण प्लास्टिक शाबूत आणि फ्लोट नीट असेल, तर पुष्कळ मॉडेलांत चांगल्या मेकची नुसती मोटर आणि जाळी घालून काम भागतं, खर्चही बराच उतरतो. डब्यावर नाव नाही अशी मोटर मात्र फुकट दिली तरी घेऊ नका. झाकणाखालची रबरी रिंग नवीच हवी. जुनी फुगलेली असते, ती दाबून बसवली तर आठवड्याने गाडीत पेट्रोलचा वास येतो. बिलावर जीएसटी बघा: सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर १८ टक्के आहे, २८ नाही. आणि जुना पंप मागून घ्या.

पंप मरतात ते बहुतेक रिझर्व्हवर. भोवतीचं पेट्रोलच मोटरला थंड ठेवतं, वंगणही तेच. सीएनजीवाले टाकीत नावापुरतं पेट्रोल ठेवतात. बाहेरून किट बसवलेल्या काही गाड्यांत गॅसवर चालतानाही पंप बंद होत नाही, तो कोरडाच फिरत राहतो. पाव टाकी कायम असू द्या.

फक्त पंपाच्या कामाला येताना टाकी फुल करून येऊ नका. असेंब्ली वर घेताना पेट्रोल सांडतं, म्हणून आधी ते उपसावं लागतं, आणि उपसायची मजुरी मी वेगळी लावतो.